फुंकणीची साक्ष

मी फुंकणी बोलतेय. चुलीपुढची लोखंडी नळी ती माझी नावापुरती बहीण. तिचं काम विस्तव पेटवायचं, माझं काम तो विझला की नाही ते सांगायचं. माझ्या खोक्यावर एक लांबलचक नाव छापलेलं आहे, पण ते आजवर कुणी शेवटपर्यंत वाचलेलं नाही. सिगारेट सोडायला येणाऱ्या लोकांनी मला फुंकणी म्हटलं आणि तेच नाव मला चिकटलं.

मी हाताच्या पंजात मावते. माझ्या तोंडाला कागदी नळी लावायची, खोल श्वास घ्यायचा, पंधरा आकडे होईपर्यंत तो धरून ठेवायचा आणि मग हळूहळू, पोट आत जाईपर्यंत, माझ्यात सोडायचा. धुरातला एक वायू रक्तात उतरतो. त्याला रंग नाही, वासही नाही. तो श्वासातून किती बाहेर पडतोय हे मी मोजते आणि काचेवर आकडा दाखवते. न ओढणाऱ्याचा एक किंवा दोन, ओढणाऱ्याचा दहाच्या पुढे.

माझा जन्म एका लांब टेबलावर झाला. चष्मा लावलेल्या एका बाईने मला मोजूनमापून तोच विषारी वायू पाजला, मी अचूक आकडा दाखवला, आणि तिने माझ्या पाठीवर 'पास'ची चिठ्ठी लावली. जन्मल्या जन्मल्या पहिल्या परीक्षेत पास झालेल्यांचं जे होतं तेच माझं झालं. आपलं कधी चुकत नाही अशी माझी समजूत झाली.

मी आले ती एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत. पूर्वी तिथे जुन्या फायली ठेवत. आता एक टेबल, तीन खुर्च्या, पाण्याचा जग आणि एक खिडकी होती. खोलीची मालकीण म्हणजे तिथली समुपदेशक. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे बाप्येसुद्धा. ताई मोजकं बोलायची आणि भरपूर ऐकायची. तिचे नियम दोनच होते. सोडायला येणाऱ्याने घरचं एक माणूस सोबत आणायचं, आणि पहिल्या दिवशी त्या माणसानेही फुंकायचं. स्वच्छ श्वास कसा दिसतो हे ओढणाऱ्याला घरच्याच माणसाच्या तोंडून कळलं पाहिजे, असं ती म्हणायची.

माझ्यापुढे किती सोंगं झाली म्हणून सांगू. कुणी पेपरमिंट चघळत येई, कुणी जिन्यातच चूळ भरून येई, एका वाहतूक पोलिसाने तर दोनदा दात घासले होते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी आकडा दाखवला की माणूस खाली बघायचा, आणि मला, खोटं कशाला बोलू, त्यात थोडी मजा यायची.

मग एका शनिवारी सकाळी बाइंडर आला.

तो पुस्तकं बांधायचा. नखांच्या कडेला वाळलेली खळ, बोटांना सुईचे घट्टे, आणि बोलताबोलता टेबलावरचे कागद सरळ करून ठेवायची सवय. वडिलांचं दुकान त्याच्याकडे आलं होतं, आणि दुकानाबरोबर वडिलांचा खोकलाही. ते दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटचे काही महिने स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून एकेक श्वास ओढून घ्यायचे, आणि श्वास लागला नसेल तेव्हा सिगारेट. तसं मरण आपल्याला नको, म्हणून बाइंडर आला होता. सोबत बायको होती. घरी आता ही दोघं आणि त्याची आई.

"दिवसाला किती, दादा?" ताईने विचारलं.

"पंधरा-सोळा."

"बावीस," बायको म्हणाली. "थोटकं मी उचलते."

त्याने फुंकलं, सत्तावीस आले. बायकोने फुंकलं, एक आला. तो मला हातात घेऊन तो एक बराच वेळ बघत बसला. "इतकं स्वच्छ असतं होय," असं काहीतरी पुटपुटला.

ताईने दोघांना कामं वाटून दिली. त्याने तारीख ठरवायची, आणि ओढावंसं वाटलं की दहा मिनिटं टाळायची. बायकोने, म्हणजे ताईच्या वहिनीने, रागवायचं नाही, खिसे तपासायचे नाहीत. "पोलीस नका होऊ, सोबत व्हा," ताई म्हणाली. वहिनी घरी बसून छापील कागदांच्या घड्या घालून द्यायची. तिने दुकानातली सुई-दोऱ्याची पेटीच घरी आणली. संध्याकाळी त्याच्या हाताला चाळा सुटला की ती त्याच्यापुढे फर्मे, म्हणजे त्याच घड्या घातलेले कागद, ठेवायची आणि तो शिवत बसायचा. दुसऱ्या आठवड्याला चार आले, तिसऱ्याला तीन. त्या महिन्यात आपल्या दुकानातून जितकी पुस्तकं बाहेर पडली तितकी बाबांच्या काळातही पडली नव्हती, असं तो हसत म्हणाला.

चौथ्या शनिवारी तो बेचैन होता. खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ संध्याकाळी खिडकीत उभे राहून ओढायचे आणि तो धूर सरळ वर ह्यांच्या घरात यायचा. "वास आला की जीव कासावीस होतो, ताई. परवा मी चप्पल घालून जिन्यापर्यंत गेलो होतो."

"मग तो वास घरातच येऊ द्यायचा नाही," ताई म्हणाली. "जमेल का, वहिनी?"

"जमेल की. त्यात काय."

आणि तिने जमवलं. पुठ्ठ्याला लावायचं जाड कापड दुकानातून आणलं, त्याच्या पट्ट्या कापल्या, खळ शिजवली. सासूबाईंनी भांडं धरलं. खिडक्यांच्या फटी, दाराचा उंबरा, जुन्या तारेचं भोक, स्वयंपाकघरात गॅसच्या गीझरवरचा जाळीचा झरोका, सगळं चिकटवून टाकलं. पुढच्या शनिवारी दोघं हे सांगताना खुशीत होती. "आमची खळ आहे," बाइंडर म्हणाला, "पन्नास वर्षं सुटायची नाही." ताईने कार्डावर लिहिलं, 'घरच्यांची मदत उत्तम.' बाहेर त्याच आठवड्यात थंडी सुरू झाली होती.

त्या दिवशी त्याने फुंकलं आणि मी बारा दाखवले.

"मी ओढली नाही," तो म्हणाला. ताईने हसून मान हलवली. "घसरतं माणूस, दादा. लाजायचं कारण नाही. इथे कुणी रागावणार नाहीये."

"पण मी ओढलीच नाही."

"बरं," ताई म्हणाली. ते 'बरं' किती मऊ होतं. तिने त्याला खोटारडा म्हटलं असतं तर तो भांडला तरी असता. माफ केलेल्या माणसाला भांडताही येत नाही.

पुढच्या शनिवारी पंधरा आले. त्याच्या पुढच्या शनिवारी सतरा. त्याने आईची शपथ घेतली. बायकोने त्याच्याकडे न बघता पर्सचा बंद घट्ट केला. मी मात्र ताठ होते. विष होतं, मी विष सांगितलं. ते कुठून आलं हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मला ते सांगता येत नाही.

त्या दिवसांत त्या घरात आणखी काही चाललं होतं. मी ताईच्या टेबलावरून हललेली नव्हते, त्यामुळे मला ते त्यांच्या तोंडूनच कळलं.

आधी ते सासूबाईंना दिसलं. संध्याकाळी त्या स्वयंपाकघरालगतच्या खोलीत पडून असत. एक दिवस सुनेला म्हणाल्या, "हे आले होते. खिडकीशी उभे होते. खोकत होते." दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. म्हातारं माणूस, डोकं दुखतं म्हणून निजून राहतं, त्यात काय विशेष, असं आधी सगळ्यांना वाटलं. पण एकदा बाइंडर बाहेर पाणी प्यायला गेला असताना वहिनी ताईच्या कानाशी वाकली.

"मलाही ऐकू येतं, ताई. मी ओट्याशी उभी असते आणि मागे कुणीतरी श्वास घेतं. ओढून ओढून, सासरे घ्यायचे तसा. वळून बघितलं की कुणी नसतं. छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. डोकं तर रोजच ठणकतं."

"ताण आहे, वहिनी."

"असेल. पण मला वाटतं, हे चोरून ओढतात आणि त्या वासाने ते येतात."

बाइंडरलाही तो अनुभव होता. पहाटे वडिलांनी 'ए' म्हणून हाक मारल्यासारखं व्हायचं, आणि जाग आली की तोंडात धुराची चव. ताईने समजावलं की सोडल्यावर अशी स्वप्नं पडतात, बऱ्याच जणांना पडतात. ते खरंही आहे. म्हणूनच तिला पुढचं काही सुचलं नाही.

सतरा आलेल्या शनिवारी घरी जाताना रस्त्यातच दोघांचं वाजलं. ती म्हणाली, "ओढता तर ओढता म्हणा, मी काय खाणार आहे तुम्हाला?" तो म्हणाला, "माझ्यापेक्षा तुला त्या डबीचं खरं वाटतं?" ती म्हणाली, "डबीला खोटं बोलून काय मिळायचंय?" घरी पोचताच त्याने उशी आणि पांघरूण उचललं आणि दोन गल्ल्या पलीकडे दुकानात राहायला गेला.

पुढच्या शनिवारी तो एकटा आला, मागाहून ती आली. दोघं दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसली. त्याने फुंकलं. दोन.

"शाब्बास," ताई म्हणाली. तिला मनापासून आनंद झाला होता. पण बाइंडर हसला नाही, आणि त्याच्या बायकोचा चेहरा तर उतरलाच.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला वहिनी वेळ न घेता आली. जिना चढून आल्यामुळे दम लागला होता. "पाच मिनिटं बोलते आणि जाते," म्हणाली. "आईंच्या आंघोळीला गीझर लावून आलेय. त्यांना हळूहळू सगळं करायला तास लागतो."

ताईने पाणी दिलं. तिने ते नुसतं हातात धरलं.

"मी घरात होते तेव्हा सतरा आला. मी नव्हते तेव्हा दोन आला. लहान मूलसुद्धा हिशेब करेल, ताई. दुकानात राहून माणूस सुटतो आणि माझ्याजवळ राहून ओढतो. म्हणजे विष मीच ना?"

"असं नसतं, वहिनी."

"मग बघूच माझ्यात काय भरलंय." तिने मला उचललं. नळी तिनेच लावली. पंधरा मोजून इतक्या रागाने फुंकलं की माझ्या आतला पडदा थरथरला.

एकेचाळीस.

ताईने मला हलवलं, बंद करून चालू केलं. "बिघडली वाटतं," म्हणाली. नवी नळी लावून स्वतः फुंकलं. एक. पुन्हा वहिनीला दिलं. चाळीस.

ताईचं तोंड उघडलं. रोज सगळ्यांना विचारते तो प्रश्न तिच्या ओठापर्यंत आलेला मी पाहिला. शेवटची केव्हा ओढलीत? त्याआधीच वहिनी म्हणाली, "मी ओढत नाही, ताई. आयुष्यात ओढलेली नाही."

नवऱ्याचंच वाक्य होतं ते. ताईचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला. मग तिने वेगळंच विचारलं. "तुमच्या घरात काय जळतं?"

वहिनीला कळायला दोन क्षण लागले. थंडी पडल्यापासून सकाळ-संध्याकाळ चालणारा गीझर. गीझरवरचा झरोका. आपल्या हाताने लावलेली पट्टी. आणि आत, त्या स्वयंपाकघरालगत, आंघोळ करत असलेली म्हातारी. तिने फोन काढला. नवऱ्याशी नऊ दिवस अबोला होता तो तिला आठवलाही नाही. "घरी पळा. गीझर बंद करा, खिडक्या उघडा, आईंना बाहेर काढा. विचारू नका, पळा."

ताईने मला मुठीत धरलं होतं, ती तशीच निघाली. माझं पहिलं घराबाहेर पडणं ते असं. दवाखान्यापासून त्यांचं घर चालत पंधरा मिनिटांवर, त्या दोघी किती वेळात पोचल्या मला माहीत नाही. जिन्यावर वहिनी दोनदा अडखळली. ती स्वतःही त्याच हवेने भरलेली होती.

दार सताड उघडं होतं. बाइंडरने आईला बाहेरच्या गॅलरीत आणून ओल्या अंगावर चादर टाकली होती. ती न्हाणीच्या उंबऱ्यावर पडलेली त्याला सापडली. गाल गुलाबी होते, चांगल्या तब्येतीच्या माणसाचे असावेत तसे, आणि ती हाकेला ओ देत नव्हती. खालच्या मजल्यावरचे ते गृहस्थ वर येऊन तिचे तळवे चोळत होते. त्यांच्या बोटांना सिगारेटचा वास होता, आणि त्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

बाइंडर आत स्टुलावर चढून झरोक्याची पट्टी सोडवत होता. ती सुटत नव्हती. त्याने सुरी घातली, नखं घातली. कापडाचा एकेक दोरा निघायचा आणि खळ तशीच. "सुट ना," तो म्हणत होता, "सुट ना गं बाई." ताईने त्याला खाली उतरवलं. खिडक्या उघडल्या होत्या, गीझर बंद होता, पट्टीने आता काही बिघडणार नव्हतं. पण त्याला ते कळण्यासारखी ती वेळ नव्हती.

मी ताईच्या मुठीत होते. माझी कागदी नळी चुरगळली होती. त्या घरातल्या हवेत मी शिरले तेव्हा मला ती ओळखीची वाटली. तीन शनिवार मी तिचाच आकडा सांगत होते, आणि प्रत्येक वेळी त्या आकड्याखाली एका माणसाचं नाव लिहिलं जात होतं.

आई वाचली. अकरा दिवस दवाखान्यात, नाकाला प्राणवायू. घरी आली ती थोडी कमी होऊन आली. सकाळचं दुपारी आठवेना. सुनेला कधी ओळखायची, कधी 'कोण ही मुलगी, चांगली आहे' म्हणायची. गीझरचा कारागीर येऊन सगळं बदलून गेला. झरोके उघडले. बाइंडरची उशी वहिनीने दुकानातून स्वतः घरी आणली. चुकलं वगैरे ती काही म्हणाली नाही. उशीला नवा अभ्रा घातला.

ताई म्हणाली. दोघं पुन्हा आली तेव्हा, खोलीत पाऊल ठेवल्या ठेवल्या, चुकलं म्हणाली. "दादा, माझं चुकलं. वास अडवा हे मीच सांगितलं होतं. आणि तुम्ही तीनदा सांगितलंत, ते मी ऐकलं नाही. हिचं ऐकलं." हिचं म्हणजे माझं.

बाइंडरने टेबलावरची कार्डं सरळ केली. "मलाही एक सांगायचंय. दोन आला तो शनिवार. त्याच्या आधीच्या गुरुवारी, संध्याकाळी, दुकानात मी तीन ओढल्या. न ओढता चोर ठरलोच होतो. म्हटलं, मग ओढून तरी बघू. पाकीट खळीच्या डब्यामागे होतं. नंतर फेकलं. तुम्ही शाब्बास म्हणालात तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

हे ऐकून माझं काय झालं ते सांगणं कठीण आहे. दीड-दोन दिवस गेले की धुराचा माग मला लागत नाही, माझी धाव तेवढीच. तो खरं बोलत होता तेव्हा मी त्याला उघडा पाडला, आणि त्याने खरोखर ओढली तेव्हा मी त्याच्या बाजूने साक्ष दिली. दोन्ही वेळा मी अचूक होते. पाठीवरची ती 'पास'ची चिठ्ठी त्या दिवशी मला जड झाली, आणि पुढेही ती कधी हलकी झाली नाही.

वहिनीने खुर्ची त्याच्याकडे वळवली. मग म्हणाली, "तीन?"

"तीन."

"बरं झालं सांगितलंत." आणि तिचं ते 'बरं' साधं होतं, त्यात माफी नव्हती, म्हणून तो रडला.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी आज इतकी बोलले नसते.

महिन्याभराने ती दोघं पुन्हा आली. बाइंडर खचलेला दिसत होता. आई रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीशी खुर्ची ओढून बसायची. थंडी वाजायची, शाल घेऊन बसायची. वाट बघायची. विष गेलं होतं आणि विषाबरोबर तिचा नवराही गेला होता, दुसऱ्यांदा.

"रोज विचारते, हे का येत नाहीत," बाइंडर म्हणाला. "परवा म्हणाली, तू सोडलीस म्हणून ते रुसलेत. एकच ओढ. इथे बसून ओढ. वासाने येतील. माझा हात धरून म्हणाली, ताई. आईने माझ्याकडे आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं."

"मग?"

"नाही ओढली."

ताईचा हात सवयीने माझ्याकडे आला. तो पोचायच्या आत वहिनीने माझ्यावर तळवा ठेवला. "राहू दे, ताई. नाही म्हणतायत ना."

घडी घालून घालून खरखरीत झालेला तो तळवा होता. आजवर इतक्या हातांनी मला उचललं, पण मला झाकून ठेवणारा तो पहिलाच. मला बरं वाटलं. खरंच सांगते, फार बरं वाटलं.

"पण मी एक केलं," बाइंडर खाली बघत म्हणाला. "मंगळवारी. आई खिडकीशी होती. मी तिच्या मागे ओट्यापाशी उभा राहिलो आणि बाबांसारखा खोकलो. मला येतो तो खोकला, लहानपणापासून ऐकलाय. आई मागे वळलीच नाही. हसली. केस नीट केले. म्हणाली, आलात?"

"आणि मग?"

"मग लाज वाटली. फसवल्यासारखं झालं. पुन्हा नाही केलं."

माझ्यावरचा तळवा गार झाला. "पुन्हा नाही म्हणजे?" वहिनीने विचारलं. "काल?"

"काल काय?"

"काल संध्याकाळी तुम्ही खोकलात. मी बाहेरच्या खोलीत होते. आई हसल्या, बोलल्या. मी ऐकलं."

"काल सात वाजेपर्यंत मी दुकानात होतो."

मग ताईने वहिनीचा हात अलगद बाजूला केला. "तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही," ती म्हणाली, "घरासाठी." दोघांनी फुंकलं. एक. एक. तरी तिचं समाधान होईना. त्याच दुपारी ती मला घेऊन त्यांच्या घरी गेली.

सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. गार वारा आरपार वाहत होता. ताईने मला ओट्यापाशी धरलं, नव्या गीझरपाशी धरलं, न्हाणीत धरलं. शून्य. मग खिडकीशी बसलेल्या आईपुढे ती वाकली आणि श्वास कसा धरायचा ते शिकवलं. आईने लहान मुलीसारखे गाल फुगवले, पंधरा होईपर्यंत डोळे मिटून बसली, आणि फुंकलं.

एक.

"हे काय मोजतं?" तिने विचारलं.

"घरात वाईट हवा आहे का, ते," ताई म्हणाली. "आधी होती, आई. म्हणून तुम्हाला भास व्हायचे."

"आता आहे?"

"नाही. आता अगदी चांगली आहे."

आईने शाल सारखी केली. "मग काल हे खरंच आले होते," ती म्हणाली.

बाइंडरने बायकोकडे बघितलं, बायकोने त्याच्याकडे. ताईने मला पर्समध्ये ठेवलं. तिला काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि मला तर आकड्यांशिवाय बोलताच येत नाही.

आता माझी मुदत संपली आहे. माझ्या आतला पडदा जुना झाला, म्हणून मला खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय. टेबलावर नवं यंत्र आहे, माझ्यापेक्षा चकचकीत. बाइंडर अजून अधूनमधून येतो. त्याने पुन्हा ओढलेली नाही, हे मला त्याच्या बोलण्यावरून कळतं, दुसरं साधन माझ्याकडे उरलेलं नाही. आई गेल्या हिवाळ्यात गेली. खिडकी उघडी होती, आणि जाताना ती कुणाशी तरी बोलत होती, एवढं त्याने सांगितलं.

माझ्यात सेल नाहीत. तरी कधीकधी माझ्या काचेवर सतरा उमटल्यासारखे वाटतात. कुणीतरी अगदी जवळून म्हणतं, मी ओढली नाही. मला त्याला उत्तर द्यायचं असतं.

ते मला जमलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरातलं माणूस सोडायचा प्रयत्न करत असेल आणि एक दिवस म्हणालं की मी ओढली नाही, तर माझ्यासारख्या डबीकडे धावू नका. आधी घराच्या खिडक्या उघडा. मग त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत उठू नका.